कोरड्या चड्डीची मोहीम

बालवाडीच्या पत्रात अकरा नियम होते आणि त्यांतले दहा डोळे मिटून पाळण्यासारखे होते. डब्यावर नाव घालावे. ताप असल्यास मुलास घरी ठेवावे. खेळणी घरून आणू नयेत. चौथा नियम तेवढा जाड ठशात होता : 'प्रवेशाच्या दिवशी मूल डायपरमुक्त असावे. तसे नसल्यास जागा यादीतील पुढील मुलास देण्यात येईल.' डायपरमुक्त हा शब्द ज्याने पाडला त्याच्या घरी मूल नसावं. असलंच तर सांभाळायला दुसरं कुणी असावं.

पत्र हातात घेऊन ती दारातच उभी होती, तेव्हा ज्याच्याविषयी ते होतं तो पावणेतीन वर्षांचा गृहस्थ समोरून चालत गेला. डायपर तट्ट फुगलेला, हात पाठीमागे बांधलेले, चेहऱ्यावर समाधान. निवृत्त न्यायाधीश भरपेट जेवून फेऱ्या मारायला निघावा तसा.

"शू झाली का रे?"

"नाही," न्यायाधीश म्हणाले आणि पुढं गेले.

प्रवेशाचा दिवस सोमवार. आज शुक्रवार, आणि तोही मधला एक आठवडा सोडून आधीचा. म्हणजे हातात दहा दिवस.

एरवी तिनं एवढं मनाला लावून घेतलं नसतं. मुलं शिकतात. लग्नाच्या दिवशी डायपर बांधून बसलेला नवरदेव अजून कुणी पाहिलेला नाही. पण त्याच सकाळी लॅबच्या मालकांचा फोन येऊन गेला होता. लॅब दातांची. डॉक्टरांनी पाठवलेल्या मापांवरून तिथं कवळ्या आणि कॅपा तयार होत, आणि मागच्या दाढा हे तिचं काम असे. पावणेतीन वर्षांपूर्वी ती रजेवर गेली. रजा संपली, तशी वाढवली, मग वाढवायचीही संपली.

"हे बघा दाढवाल्या बाई," मालक म्हणाले होते. लॅबमध्ये तिला याच नावानं ओळखत. "मी तुमची जागा पुष्कळ धरून ठेवली. आता दुसऱ्या लॅबमधल्या एक बाई येऊन बघून गेल्यात. प्रकाश कुठल्या बाजूनं येतो ते पण विचारून गेल्यात. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी दुपारी बारापर्यंत तुम्ही टेबलाशी दिसलात, तर टेबल तुमचं. नाही दिसलात, तर मला वाईट वाटेल."

मालकांना वाईट वाटेल याची तिला खात्री होती. बारा वाजून पाच मिनिटांपर्यंत तरी नक्की वाटलं असतं.

आता दाढ ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. पुढचे दात करणाऱ्याचं कौतुक होतं. माणूस हसला की त्याची कलाकुसर दिसते. दाढेवरचे उंचवटे आणि खाचा किती सुबक उतरल्या आहेत हे बघायला तोंडात डोकं घालावं लागतं. तरीही जगात तिला एक गोष्ट इतरांपेक्षा बरी येत होती आणि ती ही होती. ती सुटल्यापासून हात शिवशिवत. मुलांच्या रंगीत मातीच्या तिनं आजवर चाळीसएक दाढा केल्या असतील. त्यांतली एक हिरवी दाढ थोरलीनं शाळेत 'डोंगर' म्हणून नेली होती आणि तिला छान शेरा मिळाला होता.

थोरली साडेपाच वर्षांची. त्या संध्याकाळी तिला, तिच्या बापाला आणि धाकट्याला समोर बसवून तिनं जाहीर केलं, "उद्यापासून डायपर बंद."

"हळूहळू करूया ना," नवरा म्हणाला. "आधी दिवसा दोन तास..."

"हळूहळूला वेळ नाही." तिनं कपाटातलं डायपरचं न फोडलेलं पुडकं काढलं, तडक तिसऱ्या मजल्यावर गेली आणि सहा महिन्यांचं बाळ असलेल्या शेजारणीच्या हातात ठेवलं.

"अहो, पण हे माझ्या बाळाला मोठे होतील," शेजारीण म्हणाली.

"बाळ होईल ना मोठं," ती म्हणाली आणि वर आली. परतीचे दोर कापून झाले होते. आता लढणं किंवा फरशी पुसणं एवढंच उरलं होतं, आणि पहिल्या दोन दिवसांत या दोहोंत काही फरक आहे असं दिसलं नाही.

हंगाम मात्र चांगला होता. थंडी सरली होती, खिडक्या उघडल्या होत्या, रजया धुऊन पेटीत गेल्या होत्या. समोरच्या झाडाला पोपटी पालवी फुटली होती आणि तिच्या जोडीनं नवऱ्याला शिंका. मुख्य म्हणजे कपडे चार तासांत वाळत होते. सासूबाईंनी फोनवर हाच मुद्दा लावून धरला.

"या दिवसांतच शिकवायचं असतं, अगं. मी याला असाच शिकवला. अकरा महिन्यांचा होता, बोट धरून घेऊन जायचा मला."

"हो, आई."

शनिवारच्या फोनमध्ये तो नऊ महिन्यांचा झाला, रविवारच्या फोनमध्ये सात. आणखी दोन फोन झाले असते, तर तो जन्मतःच दाईला रस्ता विचारून गेला असता.

त्याच्या मुलाला मात्र घाई नव्हती. निळं पॉट त्याला आवडलं होतं. तो त्यात गाडी ठेवी, ते डोक्यावर घाली, त्यावर बसून अर्धा तास गोष्टी ऐके. आणि उठून चार पावलं चालून कार्पेटवर मोकळा होई. शनिवारी चौदा चड्ड्या लागल्या, रविवारी दुपारपर्यंत अकरा. त्या गॅलरीतल्या दोरीवर ओळीनं वाळत असताना समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी हाक मारून विचारलं, "तिळं आहे का हो?"

"एकच आहे," तिनं ओरडून सांगितलं, "पण मन लावून करतो."

थोरलीनं स्वतःची नेमणूक तपासनीस म्हणून करून घेतली होती. दर दहा मिनिटांनी ती भावाची चड्डी मागून ओढून आत बघे आणि निकाल सांगे. "कोरडी." "कोरडी." "आई, आता उशीर झाला."

रविवारी दुपारी नवऱ्याच्या डोक्यात ती कल्पना आली. नवरा लिफ्टचा तंत्रज्ञ. त्यामुळे कुठल्याही अडचणीकडे तो एकाच नजरेनं बघे : हिला दोन तारा कुठून जोडता येतील?

"त्याला कळतच नाहीये, काय झाल्यावर शाबासकी मिळते ते," तो म्हणाला. "तू शाबास म्हणतेस तोवर त्याचं लक्ष उडालेलं असतं. खबर लगेच मिळाली पाहिजे." आणि कामाच्या पेटीतून त्यानं एक छोटी बेल, एक हिरवा दिवा आणि बॅटरी काढली. पॉटच्या तळाला दोन बारीक तारा आल्या. ओल लागली की तारा जुळणार, दिवा लागणार आणि बेल वाजणार : टिंग.

"शॉक बसला म्हणजे?"

"अगं, नऊ व्होल्ट आहे. मुंगी पण मरायची नाही." त्यानं पेलाभर पाणी ओतून दाखवलं. टिंग. आवाज खरोखरच गोड होता. भारदस्त, आणि आता सगळं ठीक आहे असं सांगणारा.

चार वाजता धाकटा योगायोगानं पॉटवर असताना ती घटना घडली. टिंग. हिरवा दिवा. तो दचकला, खाली वाकून बघू लागला, मग वर बघून म्हणाला, "मी?"

"तू!" तिघं एकदम ओरडले.

त्या क्षणापासून त्याला दुसरं काही सुचेना. तो पाणी मागून मागून पिऊ लागला. सोमवारी तीनच चड्ड्या ओल्या झाल्या, मंगळवारी एक, बुधवारी एकही नाही. खेळणं टाकून तो धावत येई, बसे, टिंग वाजवी आणि एखाद्या साहेबानं सही करून फाईल सारावी तसा उठून जाई. सासूबाईंना फोन गेला. "मी म्हटलं नव्हतं?" त्या म्हणाल्या. लॅबच्या मालकांनाही गेला. "येतेय मी," ती म्हणाली. घरभर पोरानं गड जिंकल्याचं वातावरण होतं आणि नवरा बेलचं पेटंट घेण्याच्या गोष्टी करत होता.

गुरुवारी, मोहीम सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, ती दोन्ही मुलांना घेऊन घराबाहेर पडली. थोरलीचे बूट लहान झाले होते. पाचव्या मजल्यावरून लिफ्टमध्ये चढले, लिफ्ट खाली आली, थांबली, म्हणाली : टिंग. धाकट्याच्या पायाशी तळं साचलं.

"अरे! सांगायचं ना!"

तो चकित होऊन तिच्याकडं बघत राहिला. सांगायचं काय त्यात? वाजली की.

तिनं ते अपघातात धरलं. वर नेऊन, चड्डी बदलून पुन्हा खाली आणलं. टिंग. पुन्हा तळं, या वेळी जरा लहान. शिल्लक होती तेवढी त्यानं इमानदारीनं दिली. बुटांचं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. तिथली लिफ्ट वेगळी, आवाज तोच.

संध्याकाळी नवरा घरी आला, तेव्हा ती पॉट मांडीवर घेऊन बसली होती.

"ही बेल तू कुठून आणलीस?"

"आमच्या स्टोअरमधून. का?"

"कुठल्या लिफ्टला असते ही?"

"सगळ्याच." त्याच्या आवाजात अजूनही अभिमान होता. "गेल्या सात वर्षांत गावात जेवढ्या बसवल्या त्या सगळ्यांत हीच. एकदम टिकाऊ..." इथं त्याचा आवाज हळूहळू खाली आला आणि तळमजल्यावर थांबला.

"बालवाडी कितव्या मजल्यावर आहे?" तिनं विचारलं.

"तिसऱ्या. पण जिना आहे ना."

तिनं पत्र पुढं केलं. नियम क्रमांक सात : 'सुरक्षिततेच्या दृष्टीने मुलांची ने-आण लिफ्टनेच करावी.'

"लिफ्ट कुणी बसवली तिथं?"

नवऱ्यानं लागोपाठ तीन शिंका दिल्या. हे उत्तर पुरेसं होतं.

"आपण बेल बदलू," तो सावरून म्हणाला. "दुसरा आवाज टाकू. कोंबडा आहे माझ्याकडं. किंवा आवाज काढून नुसता दिवा..."

"आणि तो रस्त्यातल्या सिग्नलला हिरवा झाला की?"

"मग निळा."

"तू आता काहीही जोडायचं नाहीस," ती म्हणाली. "तारा काढ."

लॅबमध्ये मालक एक गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. नवी दाढ तीन दिवस तोंडात परकीच वाटते. जीभ सारखी तिथं जाते, माणूस म्हणतो उंच झाली, घासून द्या. घासायची नाही. तीन दिवस थांबायचं. तोंडाला आपोआप कळतं. घासत बसलात, तर शेवटी दाढ उरत नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार. मोजून तीन दिवस होते. तिनं ठरवलं, आता घासायचं नाही.

शुक्रवारी सकाळी धाकटा नेहमीसारखा धावत आला आणि बसला. झाली. चांगली भरघोस झाली. तो वाट बघत बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"ऊठ की रे, झाली तुझी," ती म्हणाली.

"नाही झाली."

"ही बघ. खाली बघ."

त्यानं खाली पाहिलं. पॉटमध्ये पुरावा होता. पण अधिकृत घोषणा झालेली नव्हती. "नाही झाली," तो पुन्हा म्हणाला आणि आणखी अर्धा तास बसून राहिला. अखेर मांड्यांवर लाल कडं उमटलं तेव्हा तिनं उचलून काढला. दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मात्र बसल्या बसल्या कुठूनतरी बारीक आवाज आला, "टिंग." पोरगं आनंदानं उठलं.

ती स्वयंपाकघरात गेली. फ्रिजच्या मागं नवरा उभा होता, तोंडावर हात ठेवून.

"तू कामावर का नाहीस?"

"जेवायला आलो होतो."

"आणि टिंग?"

"अगं, किती वेळ बसलं होतं बिचारं!"

"सोमवारी बालवाडीत फ्रिजमागं उभा राहणार आहेस का? तिथं फ्रिज आहे का ते तरी विचारून ये."

नवरा न जेवता कामावर गेला. तसं त्यानं आधी जेवून घेतलं होतं.

आवाजाविना झालेलीही शू असते, हे धाकट्याला शुक्रवार संपेपर्यंत निम्मंशिम्मं पटलं. तिनं वेगळं काही केलं नाही. दर वेळी त्याला पॉट दाखवलं, त्याच्याच हातानं संडासात ओतायला लावलं आणि पाण्याची साखळी त्यालाच ओढू दिली. ओतायला मिळतं म्हटल्यावर त्याची तक्रार कमी झाली. पण ही अर्धीच लढाई होती. उरलेली अर्धी पाच मजले वरखाली करत होती.

शनिवारी सकाळी नाश्ता झाल्यावर तिनं एका पिशवीत चड्ड्या, एकीत फडकी आणि पाण्याची बाटली घेतली, दोन्ही मुलांना घेतलं आणि लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिली.

"कुठं जायचंय?" थोरलीनं विचारलं.

"कुठंच नाही. बटण दाब."

पहिल्या फेरीला तळं. दुसरीला तळं. तिसरीला थेंब, कारण साठा संपला होता. तिनं त्याला पाणी पाजलं. चौथ्या मजल्यावर एक काका वर्तमानपत्र घेऊन आत आले आणि पायाखाली बघून अंग चोरून उभे राहिले.

"पाइप फुटलाय का?"

"नाही काका. शिकवणी चालू आहे."

पाचव्या फेरीला तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण बाळाला घेऊन चढली. तिनं पिशवी पाहिली, फडकी पाहिली, आणि हळूच म्हणाली, "ते पुडकं आहे हं अजून माझ्याकडं. फोडलं नाहीये."

मोह काय असतो ते त्या वेळी कळलं. दोन मजल्यांचं अंतर. एक पुडकं. पोरगं कोरडं, फरशी कोरडी. आणि सोमवारी बारा वाजता तिच्या स्टुलावर दुसरी बाई, प्रकाश डावीकडून.

"राहू द्या," ती म्हणाली. "बाळ मोठं होईल."

सातव्या फेरीला ती थकली. पाठ दुखत होती, हाताला फिनेलचा वास येत होता. धाकटाही कंटाळला होता, पण कर्तव्य म्हणून प्रत्येक टिंगला पाय फाकवून तयार उभा राही. थोरली मात्र ताजीतवानी होती. एवढी बटणं तिला जन्मात दाबायला मिळाली नव्हती. ती भावाकडं तपासनिसाच्या नजरेनं बराच वेळ बघत होती.

"तू का करतोस रे?" तिनं विचारलं.

"वाजली," तो म्हणाला.

"अरे वेड्या, ती तुझी नाही वाजली. ती लिफ्टची वाजली." आणि मग, शाळेतल्या बाई फळ्यासमोर उभ्या राहून सांगतात तशी, "लिफ्टला शू झाली. तुला नाही झाली. कळलं?"

धाकट्यानं छताकडं पाहिलं. भिंतीकडं पाहिलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आजवर जगातली प्रत्येक टिंग आपल्याच नावावर जमा होते, असं धरून तो जमेल तेवढं निभावत आला होता.

"लिफ्टला?"

"हो. तिची तिला झाली. तुझी तुझ्याकडंच ठेव."

थोरलीनं बटण दाबलं. लिफ्ट खाली गेली, थांबली. टिंग. धाकट्यानं पाय जुळवून घेतले, मग भिंतीवर दोनदा थोपटलं आणि म्हणाला, "शाबास."

तळं नव्हतं. पुढच्या सहा फेऱ्यांत एकदाच झालं, आणि ते त्यानं आधी सांगितलं होतं. लिफ्टच वेळेवर पोचली नाही. लिफ्टला मात्र त्या दिवशी इतकी शाबासकी मिळाली, की तिच्या सबंध नोकरीत मिळाली नसेल.

रविवारी तिनं काहीच नवीन केलं नाही. नवरा दिवसभर तारेला हात न लावता बसला. त्याच्या दृष्टीनं हा केवढा त्याग होता हे त्याच्या बोटांकडं बघून कळत होतं. सासूबाईंचा फोन आला. "काय म्हणतो?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "लिफ्टला शाबास म्हणतो, आई." मग त्या म्हणाल्या, "हा तसा नव्हता."

सोमवारी नऊ वाजता ते बालवाडीच्या लिफ्टमध्ये शिरले. तिसऱ्या मजल्याला टिंग झालं. धाकट्यानं भिंत थोपटली. लिफ्ट कोरडी, तो कोरडा. बालवाडीच्या बाई उंच होत्या आणि त्यांचा चष्मा साखळीला होता.

"डायपर?"

"नाही."

"नक्की?"

"दहा दिवस झाले."

"तुम्ही अकरापर्यंत बाहेर बसा. रडला तर बोलावीन."

ती व्हरांड्यात एका बुटक्या खुर्चीवर बसली. तिचे गुडघे हनुवटीला लागत होते. दाराच्या काचेतून आतली मुलं दिसत, आवाज येत नसे. साडेनऊला धाकट्यानं बाईंचं बोट धरून त्यांना संडासाकडं नेलं. साडेदहाला पुन्हा. दोन्ही वेळा परत येताना तो काचेपाशी थांबला, तिच्याकडं बघून मान हलवली आणि कामाला लागला. अकराला बाई बाहेर आल्या. "ठीक आहे. जा तुम्ही. साडेतीनला या." ती दोन बसगाड्या बदलून, उरलेलं अंतर जवळजवळ पळत, बाराला आठ मिनिटं कमी असताना लॅबमध्ये शिरली.

तिच्या स्टुलावर एक फुलाफुलांची उशी होती. उशीची मालकीण शेजारीच उभी राहून आपल्या मेण कोरायच्या सुऱ्या ओळीनं मांडत होती. मालक घड्याळाकडं बघत होते.

"आलात," ते म्हणाले. आवाजावरून आनंद झाला की पंचाईत, ते ठरवता आलं नसतं.

"आले," ती म्हणाली, आणि उशीसकट स्टुलावर बसली.

ट्रेमध्ये खालच्या जबड्याचा एक प्लास्टरचा साचा होता, मधली दाढ नसलेला. तिनं ज्योत पेटवली, सुरीवर मेण घेतलं आणि पहिला थेंब सोडला. हात आठवल्यासारखा चालू लागला. एक उंचवटा, दुसरा, मधली खाच. दुसऱ्या बाई वाट बघत उभ्या होत्या. मूल शाळेत घातल्याच्या पहिल्या दिवशी आया कामावर टिकत नाहीत, हे त्यांना माहीत असावं; अनुभवी दिसत होत्या.

पाऊण वाजता फोन वाजला. बालवाडी. सगळ्या टेबलांवरची दात घासायच्या चकत्यांची घरघर बंद झाली. मालकांनी चष्मा वर केला.

"तुमच्या मुलानं शू केली," बालवाडीच्या बाई म्हणाल्या. "वाळूत. चड्डीतच. तुम्हाला नियम क्रमांक चार माहीत आहे ना?"

दहा दिवसांपूर्वी ती एवढ्यावरच उठली असती. हातातली सुरी टाकली असती, पर्स घेतली असती, दारात असती. मालकांना वाईट वाटायला सुरुवात झाली होती. त्यांचा चेहरा तशी तयारी करत होता. ती बसूनच राहिली.

"पाठ आहे, बाई. सकाळी दोनदा सांगून गेला की नाही?"

"गेला."

"म्हणजे त्याला येतं. वाळूत रमला म्हणून चुकला. वर्गात मुलं किती आहेत तुमच्या?"

"तेवीस."

"आज त्यांतली किती चुकली?"

पलीकडं बाई मोजत होत्या. मागं कुणीतरी रडत होतं, कुणीतरी डबा आपटत होतं. "चार," बाई म्हणाल्या. मग, कारण बाई कडक असल्या तरी प्रामाणिक होत्या, "पाच. एकीची आत्ताच."

"त्यांच्या जागा यादीतल्या पुढच्या मुलांना गेल्या का?"

"तसं कसं करता येईल?"

"मग याची पण राहू द्या. त्याच्या पिशवीत सात चड्ड्या आहेत. एक घाला. मी साडेतीनला येते, त्याच्या आधी येत नाही."

बाईंनी चष्म्याच्या साखळीशी चाळा केल्याचा आवाज आला. "सात कशाला पाठवल्यात?" त्या शेवटी म्हणाल्या. "दोन पुरतात."

"असू द्या. त्या पाचांपैकी कुणाला लागली तर वापरा."

"एकीला लागेल," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सुरीवरचं मेण गार होऊन पांढरं पडलं होतं. तिनं ते खरवडून काढलं, सुरी पुन्हा ज्योतीवर धरली आणि नवं मेण घेतलं. चकत्या एकेक करून सुरू झाल्या. मालकांनी चष्मा खाली घेतला आणि आपल्या कवळीत डोकं घातलं.

दुसऱ्या बाईंनी सुऱ्या पुन्हा पेटीत भरल्या. मग जरा संकोचून म्हणाल्या, "अहो, माझी तेवढी उशी..."

"घ्या की," ती म्हणाली. एका हातानं दाढ सांभाळत ती जेमतेम चार बोटं वर उठली, उशी ओढून काढून दिली, आणि पुन्हा बसली. स्टूल चांगलंच टणक होतं. तिनं मागची खाच जरा खोल केली.